डिझेलच्या नळ्या : तपासणी, निवड आणि बदल



हंगाम जवळ आला की आपण ट्रॅक्टरचे टायर बघतो, ब्रेक बघतो, ट्रॉलीचा हूक वेल्डिंग करून घेतो. इंजिनाचे ऑइलही बदलतो. पण टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल नेणारी ती बोटभर जाडीची नळी सहसा कुणी बघत नाही. चालतीय तोवर चालू दे, असा आपला हिशेब असतो. मग एखाद्या रात्री भरल्या ट्रॉलीनिशी गाडी चढावर धापा टाकते, बंद पडते आणि सकाळपर्यंत ऊस रस्त्यावर उभा राहतो.

यात नुकसान कुणाचे, ते आधी समजून घेऊ. ऊस तोडला तरी त्याचा श्वास चालूच असतो. त्यातले पाणी उडते आणि वजन घटते. शिवाय आत साठलेली साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यापासून दाणेदार साखर पडत नाही. म्हणून ऊस तोडल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आमचा आग्रह असतो. १० टनांच्या खेपेत शंभर किलोमागे २ किलो जरी घट आली असे धरले, तरी २०० किलो ऊस काट्यावर यायच्या आधीच गेला. वजन घटले ते त्या सभासदाचे. उतारा घटला तो मात्र सर्वांचा, कारण उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. काही शे रुपयांच्या नळीपायी एवढे घडते. म्हणून या अंकात ट्रॅक्टर आणि डिझेल पिकअप यांच्या इंधन-नळ्यांचा पाठ घेतला आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यांनीही तो वाचावा. आपला ऊस कुणाच्या तरी वाहनातूनच येतो.

डिझेलचा प्रवास

नळी बदलण्याआधी डिझेल कुठून कुठे जाते हे डोळ्यांपुढे असले पाहिजे. टाकीच्या तळाशी एक नळकांडे असते, त्याच्या तोंडाला बारीक जाळी असते. तेथून डिझेल निघते ते पाणी वेगळे करणाऱ्या वाटीत येते. पुढे फीड पंप म्हणजे डिझेल ओढणारा छोटा पंप. त्याला बहुतेक ठिकाणी हाताने दाबायचे बटण असते. तेथून एक किंवा दोन गाळण्या म्हणजे फिल्टर, मग मुख्य इंजेक्शन पंप, मग जाड पत्र्याच्या पोलादी नळ्या आणि शेवटी नोझल. इंजिन लागेल तेवढेच डिझेल जाळते. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत जाते. काही जुन्या ट्रॅक्टरांत टाकी इंजिनाच्या वर असते आणि डिझेल उताराने खाली येते. पिकअपमध्ये टाकी खाली चॅसीला असते, म्हणून तेथे डिझेल ओढूनच आणावे लागते.

या वाटेचे तीन भाग करू.

१. ओढणारी बाजू : टाकीपासून फीड पंपापर्यंत. येथे नळीच्या आत दाब नसतो, उलट चोखण असते.

२. ढकलणारी बाजू : फीड पंपापासून इंजेक्शन पंपापर्यंत. येथे थोडा दाब असतो.

३. उच्च दाबाची बाजू : इंजेक्शन पंपापासून नोझलपर्यंत. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टर इंजिनात नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या पिकअपमध्ये हाच दाब १,००० बारच्या पुढे, काहींत २,००० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरात हवा किती असते ती आठवा, म्हणजे हा आकडा केवढा ते कळेल.

शेतकऱ्याने किंवा गावच्या मिस्त्रीने हात घालायचा तो पहिल्या दोन भागांत आणि परतीच्या नळीत. तिसऱ्या भागाबद्दल पुढे वेगळे सांगितले आहे.

हवा आत आणि डिझेल बाहेर नाही

पुष्कळ जण म्हणतात, "नळीतून थेंबसुद्धा गळत नाही, मग नळी खराब कशी?" या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. ओढणाऱ्या बाजूला चिरा पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पोटरीला फट पडलेल्या बासरीत फुंकर निसटते तसाच हा प्रकार, फक्त दिशा उलटी. डिझेल पंपात दाबले की लगेच दाब तयार होतो. हवा दाबली की ती आकसते, दाब तयार होतच नाही आणि नोझल उघडत नाही. म्हणून केसाएवढ्या चिरेतून आलेले बुडबुडे अख्खे इंजिन बंद पाडतात. गावात आपण म्हणतो, "ट्रॅक्टरनं एअर घेतली."

गाडी रात्रभर उभी राहिली की याच चिरेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीत उतरते. सकाळी सेल्फ मारला की गाडी एकदा चालू होते, पाच-दहा सेकंदांत बंद पडते आणि मग किती सेल्फ मारा, उठत नाही. पहिल्या वेळी चालली ती पंपात उरलेल्या डिझेलवर. बॅटरी खराब, सेल्फ खराब असे म्हणत खर्च केला जातो आणि दोष असतो फुटभर रबरात.

नळी खराब का होते

उष्णता, हादरे आणि वय ही तीन जुनी कारणे. इंजिनाजवळचे रबर तापून तापून कडक होते, वाकवले की बारीक चिरा दिसतात. चॅसी आणि इंजिन वेगवेगळे हलतात, त्यामुळे त्यांच्या मधली नळी रोज हजारो वेळा मुरडली जाते. पत्र्याच्या कडेला घासली तर तिथे झिजते. लोखंडी नळीला पट्टीखाली ओल धरून गंज चढतो. वरून रंग चांगला दिसतो आणि पट्टी काढली की खाली भोक असते. मळी, खत आणि ओला पाला वाहणाऱ्या पिकअपला हा गंज लवकर लागतो.

चौथे कारण नवे आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बी.एस.-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ डिझेल आले. गंधकाचे प्रमाण आधी दहा लाख भागांत ५० आणि नंतर १० भागांवर आले. हवेसाठी हे चांगलेच झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही सुगंधी वर्गातले घटकही कमी होतात. जुने नायट्राइल रबर या घटकांनी फुगून सांध्यात घट्ट बसलेले असते. ते कमी झाले की रबर आकसते आणि सांधा सैल होतो. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या गाड्यांचे पंप आणि सांधे गळू लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. पंधरा-वीस वर्षांचा ट्रॅक्टर असेल आणि त्याचे सील, नळ्या मूळच्याच असतील, तर त्या बदलायची वेळ झाली असे समजावे.

यापुढे डिझेलमध्ये जैवडिझेलचे मिश्रण वाढत जाणार आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवलेले आहे. जैवडिझेल साध्या रबराला मऊ करते. नवी नळी घेताना हेही ध्यानात धरावे.

दोष कसा ओळखावा

पुढच्या खुणा दिसल्या तर आधी नळीकडे बघा.

१. गाडी सकाळी चालू होऊन लगेच बंद पडते.
२. रिकामी बरी चालते, भार पडला की दम धरत नाही.
३. एकाच रेसवर इंजिन वर-खाली होते.
४. हाताचा पंप कितीही दाबला तरी कडक होत नाही.
५. टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास सुरू होतो, टाकी भरली की थांबतो. अशा वेळी टाकीतले नळकांडे वरच्या अंगाला फुटले आहे का ते पाहावे.
६. अर्धा-पाऊण तास चालून बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडले की "सुस्स" आवाज होतो. येथे नळी चांगली असते. झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजलेले असते. ते काडीने साफ केले की काम झाले.

नुसत्या अंदाजाने सुटे भाग बदलू नका. जुन्या पद्धतीच्या इंजिनासाठी दोन सोप्या परीक्षा आहेत.

पहिली, पारदर्शक नळीची. फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा. हवा काढून इंजिन चालू करा. पहिल्या मिनिटात थोडे बुडबुडे येतील, ते सोडून द्या. पुढेही माळ लागल्यासारखे बुडबुडे येत राहिले तर हवा कुठून तरी येते आहे. आता टाकीकडून सुरुवात करून एकेका सांध्यावर बोटाने ग्रीसचा थर द्या. ज्या सांध्यावर ग्रीस लागताच बुडबुडे थांबले, तो सांधा दोषी. परीक्षा झाली की पारदर्शक तुकडा काढून टाका. ते प्लॅस्टिक उष्णतेने कडक होऊन तडकते.

दुसरी, कॅनची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन गाळलेल्या डिझेलने भरून इंजिनापेक्षा उंच टांगा. त्यातून नवी नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. परतीची नळी टाकीतच राहू द्या. आता गाडी भारावर व्यवस्थित चालली तर दोष टाकी आणि तिच्या नळीत आहे. तरीही अडखळली तर दोष पंपात, फिल्टरमध्ये किंवा पुढे आहे. या एका परीक्षेने अर्धे इंजिन बाजूला पडते.

कोणती नळी घ्यावी

दुकानात "डिझेल पाईप द्या" एवढेच म्हणू नका. नळीवर काय छापले आहे ते वाचा. रबरी इंधन-नळीवर मापाबरोबर एस.ए.ई. जे-३० आर-७ किंवा आर-९ असा शिक्का असतो. आर-७ ही कमी दाबाच्या साध्या कामाची. आर-९ मध्ये आतला थर फ्लोरो रबराचा असतो, ती उष्णता आणि मिश्र इंधन जास्त सोसते. ती महाग पडते, पण इंजिनाजवळच्या तापणाऱ्या जागी पैसे वसूल करते. नळीवर काहीच छापलेले नसेल तर ती घेऊ नका.

काय वापरू नये तेही सांगतो.

पाण्याची किंवा ठिबकची नळी : डिझेलने फुगते किंवा कडक होते.

रेडिएटरची रबरी नळी : पाण्यासाठी केलेले ते रबर बहुधा ई.पी.डी.एम. जातीचे असते. पाण्यात ते उत्तम, डिझेलमध्ये फुगून लोण्यासारखे होते. त्याचे तुकडे सुटून फिल्टरमध्ये अडकतात.

जी.आय. म्हणजे जस्त चढवलेला पाईप : जस्ताशी डिझेलची प्रक्रिया होऊन साबणासारखा गाळ तयार होतो. तोच गाळ नोझलवर बसतो. याच कारणाने डिझेल साठवायची टाकीही आतून जस्ताची नसावी.

तांब्याचा लांब पाईप : वाकवायला सोपा म्हणून मिस्त्री तो सुचवतात. पण तांब्याच्या सहवासात डिझेल लवकर जुने होऊन त्याचा डिंक होतो, शिवाय हादऱ्याने तांबे तडकते. सांध्यातले तांब्याचे छोटे वायसर चालतात, त्यांचा स्पर्श नगण्य असतो.

लांब पल्ल्यासाठी गाडीला मूळची होती तशीच पोलादी नळी किंवा कंपनीची नायलॉन नळी हीच योग्य. रबर फक्त तिथे, जिथे हालचाल आहे : चॅसी आणि इंजिन यांच्या मध्ये, टाकीच्या तोंडाशी. संबंध गाडीला रबरी नळी फिरवली की सांधे कमी झाल्यासारखे वाटतात, पण झिजायच्या जागा वाढतात.

मोठी नळी लावली तर ताकद वाढते का?

हा प्रश्न आम्हाला दर हंगामात विचारला जातो. उत्तर आकड्यांतच बघू.

भारावर ट्रॅक्टर तासाला ६ लिटर डिझेल जाळतो असे धरा. पंप त्याच्या दहापट, म्हणजे ६० लिटर फिरवतो असे सढळ हाताने धरा. मिनिटाला एक लिटर झाले. ८ मि.मी. आतल्या मापाच्या नळीचे तोंड अर्धा चौरस सें.मी. असते. त्यातून मिनिटाला एक लिटर जायला डिझेलचा वेग सेकंदाला ३३ सें.मी. लागतो, म्हणजे मुंगीपेक्षा जलद आणि माणसाच्या चालीपेक्षा हळू. एवढ्या संथ प्रवाहाला ८ मि.मी.ची नळी भरपूर झाली. १० मि.मी.ची लावली तर नळीतले घर्षण निम्म्याखाली येईल हे खरे. पण ते मुळातच इतके थोडे होते, की इंजिनाला फरक कळणार नाही. इंजिनात किती डिझेल जायचे हे पंप ठरवतो, नळी ठरवत नाही.

आता उलट बाजू बघा. संथ प्रवाहात घर्षण हे व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. नळी एखाद्या जागी दबून तिचे तोंड ८ ऐवजी ४ मि.मी. झाले, तर तेवढ्या लांबीत घर्षण दुप्पट होत नाही, सोळा पट होते. म्हणून नळी मुरडलेली नसणे, आतून फुगलेली नसणे, जाळी आणि फिल्टर साफ असणे याला किंमत आहे. मूळच्या मापाची चांगली नळी हीच खरी सुधारणा. फक्त पूर्वी कुणी कमी मापाची नळी घुसवून ठेवली असेल, तर ती मूळ मापावर आणावी.

नळी बदलण्याचे काम, पायरी-पायरीने

हे काम हंगामाआधी, दिवसाउजेडी आणि इंजिन पूर्ण थंड असताना करावे. जवळ बिडी-काडी, स्टोव्ह, वेल्डिंग काही नको. वाळूची बादली किंवा अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवा. बॅटरीची काळी वायर आधी सोडा.

पहिली पायरी, स्वच्छता. इंजिनाचा तो भाग ब्रशने आणि डिझेलने धुऊन पुसून घ्या. सांधा सोडल्यावर वरची माती आत पडली, तर नळीचे काम पंपाचे काम होऊन बसते. सोडलेली तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने झाका. सुताचा बोळा घालू नका, त्याचे धागे आत राहतात.

दुसरी पायरी, टाकी. टाकी जवळपास रिकामी असताना तळाचा नट काढून गाळ आणि पाणी सोडा. नळकांड्याची जाळी धुवा. जुना गाळ तसाच ठेवून नवी नळी लावण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी, कापणे. जुनी नळी काढून तिच्या बरोबरीची लांबी घ्या. इंजिन हलते, तेव्हा बोटभर सैल सोडा. नळी धारदार सुरीने काटकोनात कापा. करवतीने कापली तर रबराचा भुगा आत राहतो. कापल्यावर हवा मारून किंवा डिझेल ओतून आतून साफ करा.

चौथी पायरी, बसवणे. लोखंडी तोंडावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. तोंडाला उंचवटा म्हणजे मणी असतो. नळी त्याच्या पुढे इंचभर सरकली पाहिजे. आत सरकेना तर थोडे डिझेल लावा. साबण किंवा ग्रीस नको. क्लिप मण्याच्या मागे बसवा, मण्यावर बसवू नका. क्लिप गोल कडांची घ्या. खाचांची क्लिप जास्त आवळली की रबर त्या खाचांत कापले जाते. बाइंडिंग वायरने आवळणे म्हणजे दोष स्वतःच्या हाताने बांधणे. तार एकाच रेघेवर दाबते, बाकी सांधा मोकळाच राहतो.

पाचवी पायरी, वायसर. पोकळ बोल्टच्या सांध्यात दोन्ही बाजूंना एकेक वायसर असतो. दर वेळी नवा घाला. आडरानात नवा नसेलच, तर जुना तांब्याचा वायसर लालबुंद तापवून पाण्यात टाका. तांबे मऊ होते आणि एकदा काम भागते. सांध्याला एम-सील, सूत, टेप काही लावू नका. गळती सपाट पृष्ठभागाने थांबते. सुटलेला टेप मात्र पंपात जाऊन बसतो.

सहावी पायरी, वाट. नळी सायलेन्सरपासून आणि टर्बोपासून निदान चार बोटे, शक्य तर वीतभर दूर न्या. पत्र्याच्या भोकातून जात असेल तर भोकाला रबरी बूच हवे. हातभर अंतराच्या आत एकेक पट्टी द्या. वळण मोठे ठेवा. मुरड दिसली तर लांबी चुकली असे समजून पुन्हा कापा.

परतीची नळीही त्याच दिवशी बदला. "ती काय, जादा डिझेल नेते" म्हणून ती मोडकी ठेवतात, कधी कधी बूच मारून बंदच करतात. परतीचे डिझेल पंपातली उष्णता आणि हवा बाहेर नेते. ती वाट बंद झाली तर पंपाचे सील फुटते.

हवा काढणे

जुन्या पद्धतीच्या पंपात क्रम टाकीकडून नोझलकडे असतो. टाकी भरा. पहिल्या फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, हाताचा पंप दाबत राहा. फेस संपून अखंड धार आली की दाबता-दाबताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. तरीही उठली नाही तर नोझलकडच्या दोन नळ्यांचे नट अर्धा-एक फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल उसळले की आवळा. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

इंजिन उठले की अर्धा तास चालू ठेवा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. रात्रभर उभी राहून पहिल्याच सेल्फला उठली तरच काम पक्के.

कॉमन रेलवाल्यांनी थांबावे

बी.एस.-४ आणि बी.एस.-६ पिकअप, तसेच १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ नियमाखाली आलेले ५० अश्वशक्तीच्या वरचे बहुतेक ट्रॅक्टर यांत कॉमन रेल पद्धत आहे. तेथे वर सांगितलेली नोझलचे नट सैल करण्याची रीत कदापि वापरू नका. १,००० बारच्या पुढचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात काढावा लागण्याची पाळी येते. असे झाले तर मलम-पट्टी करत बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचे डिझेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगा. जुन्या इंजिनाच्या नोझलची फवारणीसुद्धा कातडी भेदते. म्हणून गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा.

उच्च दाबाच्या पोलादी नळ्या वाकवणे, वेल्ड करणे, दुसऱ्या गाडीची बसवणे, हे जुन्या किंवा नव्या कोणत्याच इंजिनात करू नये. त्यांची लांबी आणि आतले माप ठरवून दिलेले असते. कॉमन रेलच्या पंपातल्या फटी काही मायक्रॉनच्याच असतात. तेथे धुळीचा एक कण पुरतो. नव्या पिकअपवर मालकाने करायचे ते एवढेच : कमी दाबाच्या नळ्या नजरेने तपासणे, पाण्याची वाटी सोडणे, कंपनीचाच फिल्टर वेळेवर बदलणे. मुदतीत असलेली गाडी अधिकृत ठिकाणीच द्या.

गळतीचा हिशेब आणि आगीचा धोका

"थेंबच तर पडतोय" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळला तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे १८० मिलिलिटर. रोज १२ तास गाडी चालली तर दोन लिटरांच्या वर. १२० दिवसांच्या हंगामात अडीचशे लिटरांच्या पुढे. त्याला आजच्या दराने गुणा आणि नळीच्या किमतीशी ताडून पाहा.

पैशापेक्षा मोठा धोका आगीचा. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, पण पुरेशा तापलेल्या लोखंडावर पडले तर ठिणगीशिवायही पेटते. भारावर चाललेल्या इंजिनाचा मॅनिफोल्ड तेवढा तापतो. तेथे वाळलेले पाचट अडकलेले असले आणि वर डिझेलची धार लागली, तर ट्रॅक्टरसकट उसाची खेप जाते आणि चालकाच्या जिवावर बेतते. पाचटाच्या फडात उभ्या राहणाऱ्या वाहनाची नळी गळकी ठेवणे हा शेजाऱ्याच्या उभ्या पिकालाही धोका आहे.

सभासदांचे काही प्रश्न

प्रश्न : नळी किती वर्षांनी बदलावी?
उत्तर : रबरी नळी चार-पाच वर्षांनी, चांगली दिसत असली तरी. दर हंगामाआधी ती दुमडून बघा. चिरा दिसल्या तर वर्ष मोजत बसू नका.

प्रश्न : आपल्या कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते. ते डिझेलमध्ये टाकले तर चालेल का?
उत्तर : मुळीच नाही. पंपावर इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. डिझेल पंपाला वंगण डिझेलच पुरवते. त्यात इथेनॉल किंवा रॉकेल घातले तर वंगण जाते, पंप झिजतो आणि आगीचा धोकाही वाढतो.

प्रश्न : टाकी रात्री भरावी की सकाळी?
उत्तर : संध्याकाळी काम संपल्यावर. अर्धी रिकामी टाकी रात्रीच्या गारव्यात आतून घामेजते. ते पाणी तळाशी बसते आणि त्यात जंतू वाढून काळी बुळबुळीत साय धरते. फिल्टर त्यानेच तुंबतो.

प्रश्न : घरी बॅरलमध्ये डिझेल ठेवतो, ते कसे घालावे?
उत्तर : बॅरल हलवल्यावर लगेच ओतू नका, गाळ खाली बसू द्या. तळाचे चार बोटे डिझेल सोडून वरचे घ्या आणि बारीक जाळीच्या नरसाळ्यातून घाला.

हंगामाचे वेळापत्रक

हंगामाआधी : टाकी धुणे, रबरी नळ्या आणि वायसर, फिल्टर. रोज सकाळी : गाडीखाली थेंब आहे का ते पाहणे. दर आठवड्याला : पाण्याची वाटी सोडणे, इंजिनावरचे पाचट काढणे. दर महिन्याला : क्लिप, पट्ट्या आणि घासणाऱ्या जागा. गाडीत कायम : दोन हात रबरी नळी, चार क्लिपा, वायसरांची पुडी, एक फिल्टर आणि योग्य मापाचे पाने.

ही पुडी आपल्या चालकाला दाखवून ठेवा आणि हवा काढण्याचा क्रम त्याच्याकडून एकदा करून घ्या. रात्री दोन वाजता रस्त्यात तो एकटाच असतो. वाहतूक करार करणाऱ्या सभासदांनी निदान नळी, फिल्टर आणि टाकीचे झाकण या तीन गोष्टी गाळप सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी पाहून घ्याव्यात, ही विनंती. ऊस वेळेवर तोडला, तसा तो वेळेवर गव्हाणीतही पडला पाहिजे.